धुरपताचा घोडा

कोंढा
१८ नोव्हेंबर १९८१

सौ. धुरपता हिस अनेक आशीर्वाद.

सोमवारी सकाळी मारुतीला पाणी घातलं आणि घरी न येता तसाच इश्वर सुताराकडे गेलो. खिशात सुतळीचा एक तुकडा होता. तो कशाचा ते सांगतो. आपल्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर डाव्या अंगाला एक काळपट, तेलकट डाग आहे. तुझं लक्ष कधी गेलं नसेल. आत-बाहेर करताना तू तिथे हात टेकतेस, त्याचा तो डाग. तो तुझ्या काखेच्या थोडा खाली येतो हे मला पाठ आहे. जमिनीपासून त्या डागापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली.

इश्वर म्हणाला, "माप कोनाचं?"

मी म्हटलं, "घरचं."

"बायकोच्या चोळीचं माप आननारे पाह्यले बावा. चौकटीवरून बायकोचं माप आननारा तूच."

मग हसणं सोडून कामाला लागला. सागवान जड होईल, हात भरून येतील, म्हणून वेळूच्या कुबड्या करू म्हणाला. वेळू वरून फाडून मधे आडवी मूठ बसवली आणि काखेत टोचू नये म्हणून माथ्याला जुनं धोतर गुंडाळून दिलं. दुपारपर्यंत जोडी तयार.

दिवाळीनंतर मी जवाहरनगरला आलो होतो तेव्हा तू दवाखान्याने दिलेल्या त्या चार पायांच्या घोड्याला धरून चालून दाखवलंस. तुझा भाऊ जागेश्वर आणि निर्मलाबाई तुझ्याकडे पाहत होते. मी मात्र घोड्याच्या पायांकडे पाहत होतो. भावाच्या क्वार्टरची फरशी काचेसारखी, दाराला उंबरठा नाही, तिथे घोडा चालणारच. आपल्या घरी तीन दारं आणि तीन उंबरठे, एकेक वीतभर उंच. शेणामातीची भुई, अंगणात बैलांच्या खुरांचे खड्डे. तिथे तो घोडा पहिल्याच दारात अडेल. मग तू घरी येणार कशी? वावराच्या धुऱ्यावरून घसरून तुझं मांडीचं हाड मोडलं त्या दिवसापासून धानाचा रोवणा गेला, धान पिकलं, कापणीही आली. म्हणून ठरवलं की तुला कुबड्याच पाहिजेत. कुबडी उंबरठ्यापलीकडे टाकता येते.

जोडी घेऊन घरी आलो तर माय दारातच उभी. म्हणाली, "दोन वेळू एका वेळी घरात माणूस कवा आनते, मालूम आहे ना तुले? मढं निघते तवा. एकेक आन."

तिरडीला दोनच वेळू लागतात हे तिचं म्हणणं खोटं नाही. आणि तुझ्या बाबतीत माझं मनही आताशा लवकर भितं. एक कुबडी परत इश्वराकडे ठेवली. दुसरी आपल्या गावच्या परसरामाजवळ देतो आहे. तो फॅक्टरीत कामाला परत चालला आहे. राहिलेली कुबडी अमावास्या झाल्यावर पाठवतो.

तिथे आलो की आपण दोघं पाव्हण्यासारखे बसतो. निर्मलाबाई चहा देतात, जागेश्वर फॅक्टरीचं बोलतो, आणि मला जे बोलायचं असतं ते एस.टी. सुटल्यावर आठवतं. म्हणून हे बंद पत्र. कार्ड टाकलं असतं तर पोस्टमनने अर्ध्या गावाला वाचून दाखवलं असतं.

तुळशीला मी पाणी घालतो. तुझ्यासारखं धारेनं जमत नाही, लोटा पालथा होतो.

तेजराम


जवाहरनगर
३० नोव्हेंबर १९८१

तुमच्या चरणी धुरपताचा नमस्कार.

तुमचं नाव लिहिलं नाही. ते जागेश्वराने वर पत्त्यात लिहिलं आहे, त्याला पाप लागत नाही.

परसरामने कुबडी आणून दिली. इथे सगळे बैसाखी म्हणतात. शेजारची पंजाबीण पाहायला आली, हात लावून म्हणे, किसने बनाई? मी म्हटलं, हमारे गाँव में. एकच काहून, ते तिला सांगितलं नाही. तिला काय समजणार.

माप बरोबर आलं. तुम्ही डागावरून माप घेतलं ते वाचून निर्मला हसली. मी पण हसली. मग न्हाणीत जाऊन थोडा वेळ बसून राहिली.

व्यायाम शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा येते. तिला कुबडी पटली नाही. तिचं म्हणणं, धुरपताबाई, तुमच्या हातात अजून ताकद नाही, तुम्हाला चारही बाजूंनी आधार पाहिजे, वॉकरच बरा. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. ती शाळेतल्यासारखं म्हणून घेते. मी हो हो म्हणते. ती गेली की घोडा भिंतीला लावते आणि कुबडी घेते. तुम्ही केलेली आहे, ती टाकून कशी देऊ? आणि घोडा कोंढ्याला चालत नाही हे मलेही दिसतेच ना जी. मी शिकीन.

लाल गाय व्यायली का? मायच्या डोळ्यात औषध टाकता का? धान कोणत्या बांधीपासून कापलं? मंगला दिवाळीला आली होती तेव्हा भांडी वरच्या फळीवर ठेवून गेली असेल, लेकीची सवयच ती. खाली काढून घ्या. मायचा हात पुरत नाही.

दुसरी कुबडी पाठवा.

धुरपता


कोंढा
१२ डिसेंबर १९८१

सौ. धुरपता हिस आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. दुसरी कुबडी तयारच आहे, पण परसराम गावी आलेला नाही, आणि मी धानामागे. कापणी आटोपली, आता चुरणं चाललं आहे. बैल फिरवता फिरवता तुझ्याशी बोलतो. बैलांना वाटतं त्यांच्याशीच बोलतो आहे.

लाल गाय व्यायली. कालवड आहे. मायने तिचं नाव ठेवलं नाही, म्हणते, धुरपता येऊन ठेवील.

तू शिकीन म्हणालीस त्याने मला फार धीर आला. मी मनाशी संक्रांत धरली आहे. संक्रांतीला तू तुझ्या हाताने वाणाचे तीळ वाटशील. भय्याजी पाटलाची बैलगाडी सांगून ठेवली आहे. एस.टी.च्या फाट्यापासून घरापर्यंत तणसावर सतरंजी टाकून आणीन. भय्याजी म्हणाला, "नवरी आनून राहिला का बे?" मी म्हटलं, "हो."

भजनाला जातो, पण टाळ चुकतो. परवा बुवा म्हणाले, तेजराम, ताल जवाहरनगरला ठेवून आला काय?

तेजराम


जवाहरनगर
२९ डिसेंबर १९८१

तुमच्या चरणी नमस्कार.

संक्रांतीला येणं जमत नाही. गाडी सांगितली असेल तर भय्याजींना नाही सांगा.

इथे बरं आहे. नळ घरात आहे, पाणी भरावं लागत नाही. संडास घरात. फरशी सपाट. दिवा बटणाने लागतो. निर्मला काही काम करू देत नाही. घाई करू नका. कुबडीची पण घाई नाही.

कालवडीचं नाव तुम्हीच ठेवा.

धुरपता


कोंढा
६ जानेवारी १९८२

सौ. धुरपता हिस आशीर्वाद.

पत्र मिळालं. सुख असेल तिथे माणसाने राहावं. नळ आपल्या घरी नाही. विहिरीवरून पाणी आणायचं तुझ्या नशिबी कितीतरी वर्षं होतं, आता नाही, तर मला का वाईट वाटावं?

भय्याजीला गाडी नको म्हणून सांगितलं. दुसरी कुबडी इश्वराकडे भिंतीला टेकून आहे. तो विचारतो. मी काम आहे म्हणून पुढे निघून जातो.

कालवडीचं नाव ठेवलेलं नाही. माझ्याने ठेववत नाही.

देवाने तुला बरं ठेवावं.

तेजराम


जवाहरनगर
१३ जानेवारी १९८२

ती. भाऊजींस जागेश्वरचा साष्टांग नमस्कार.

ताईने मला तुम्हाला काही लिहू नको अशी शपथ घातली होती. ती मोडतो आहे. पाप माझ्या माथी.

तुमचं पत्र आलं ते तिने वाचलं. उशीखाली ठेवलं. दोन दिवस जेवली नाही म्हणून मी ते काढून वाचलं. भाऊजी, राग मानू नका, पण तुम्ही तिला काय समजून असं लिहिलंत?

नाताळाच्या सुट्टीत ती पडली. मी घरी होतो. ती एकटीच मागच्या दारी गेली. आमच्या क्वार्टरला उंबरठा नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिने आमच्या बागेच्या कडेच्या विटा आमच्या पोरांकडून आणवल्या आणि मागच्या दारात एकीवर एक, वीतभर उंच रचल्या. कोंढ्याचा उंबरठा तसाच आहे म्हणे. रोज कुबडीवर तो ओलांडायचा सराव चालला होता. आम्हाला पत्ता नाही. त्या दिवशी विटेवर कुबडी अडकली.

हाड मोडलं नाही, देवाची कृपा. मांडीत बसवलेली सळई जागेवर आहे. पण मांडी सुजली, दहा-बारा दिवस उठता आलं नाही. व्यायामवाली बाई आली, कुबडी पाहिली आणि मलाच बोलली. एकच आधार असेल तर तो चांगल्या पायाकडच्या हातात धरायचा असतो. ताई दुखऱ्या पायाकडे धरत होती. कोणालाही वाटतं तसंच तिलाही वाटलं, की जिकडे दुखतं तिकडे आधार. त्यात ती वजन काखेवर टाकत होती, तेव्हा हातालाही मुंग्या यायच्या. ते तिने तुम्हाला लिहिलं नसेल, मलाही सांगितलं नव्हतं. बाईचं म्हणणं, या बाईला सहा महिने-वर्षभर तरी वॉकरशिवाय दुसरं काही देऊ नका. पुढे हातात जोर आला की चार पायांची काठी पाहू. कुबडी तर घरात ठेवूही नका.

मी ताईला म्हटलं, "कायले विटा रचल्या? मरायचं होतं का तुले?"

ती म्हणाली, "नाई रे. घरी जायचं होतं."

नळाचं, बटणाचं तिने तुम्ही काळजी करू नये म्हणून लिहिलं. ते खरंच आहे, पण त्यात तिचं मन नाही. खरं सांगू का भाऊजी, माझं मत असं की तिला इथेच राहू द्या. मला जड नाही. तुमच्या घरात वॉकर चालत नाही आणि वॉकरशिवाय ती चालत नाही. हिशेब सरळ आहे. तुम्ही पिकं आटोपली की येत जा.

तुमचा
जागेश्वर


कोंढा
२० जानेवारी १९८२

सौ. धुरपता हिस अनेक आशीर्वाद.

जागेश्वरने सगळं लिहिलं. त्याच्यावर रागावू नको. माझं मागचं पत्र जाळून टाक, किंवा पाण्यात टाक. दुसरी कुबडी मी इश्वराकडून आणली आणि त्याच्यासमोर मोडून भाजीच्या वेलाला टेकू दिला. इश्वर म्हणाला, "माहा येवढा जिवाचा आटापिटा आन् दोडक्याले कुबडी!" मी म्हटलं, दोडका पडला तर त्याला लागत नाही.

जागेश्वर म्हणतो, हिशेब सरळ आहे. मी दोन दिवस त्या हिशेबापाशी बसून राहिलो. पहाटे मारुतीसमोर बसलो तेव्हा मनात आलं की मी सुरुवातीपासून उलटंच मोजत होतो. तुझ्यासाठी असं काहीतरी शोधत होतो की जे आपल्या घरात चालेल. तुझा पाय, तुझा हात यांना काय पाहिजे, हे मी विचारलंच नाही. घराचं माप घेतलं आणि त्यात तुला बसवत होतो. तुझ्या हाताला घोडा पाहिजे, तर घोडाच. आता घराने काय ते पाहावं.

म्हणून एक काम कर. घोड्याची रुंदी सुतळीने मोजून, गाठ मारून पत्रात घाल. पाय जिथे सगळ्यात पसरट आहेत तिथली. स्वयंपाकघराचं दार अरुंद आहे, चौकट सरकवावी लागली तर आत्ताच सरकवतो.

आतले दोन उंबरठे काढायचे ठरवले. इश्वर येत्या सोमवारी येतो. भुईवर मुरूम टाकून चोपून धुमसून घेतो, म्हणजे घोड्याचे रबरी पाय रुतणार नाहीत. शेणाने सारवलं की ओल राहते, तेव्हा चालायच्या वाटेवर सारवण नको. माय कुरकुरते आहे, पण आतल्या दोन उंबरठ्यांना तिने नाही म्हटलं नाही.

मोठ्या दाराचं मात्र कठीण आहे. तो उंबरठा आबांनी बसवला. पूजा करून, खाली पैसा-हळद ठेवून. लग्न होऊन तू आलीस तेव्हा त्याच्यावरच तांदळाचं माप होतं. माय म्हणते, "तो काढशील त लक्ष्मी कोनत्या दारानं राहील?" भय्याजी पारावर म्हणाला, "उंबरठा नाई त घरात आन् गोठ्यात फरक काय राहिला, तेजराम?" सगळे हसले. मी हसलो नाही. मलाही तो काढवत नाही. रोज त्याच्याजवळ उभा राहतो आणि परत फिरतो. वाटतं, मोठ्या दारापाशी दोघांनी धरून तुला आत घ्यावं. एकदा आत आलीस की पुढे सगळं सपाटच आहे.

तुझी मांडी कशी आहे? खरं लिही.

तेजराम


जवाहरनगर
४ फेब्रुवारी १९८२

तुमच्या चरणी नमस्कार.

सुतळी सोबत आहे. गाठीपासून गाठीपर्यंत. जागेश्वराच्या बारक्याने मोजून दिली, तो म्हणतो आमचा घोडा कोंढ्याला जाऊन चारा खाईल का?

खरं लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. मांडी आता उतरली आहे. सकाळी उठताना दुखते, मग नाही. घोडा धरून मी फाटकापर्यंत जाते. फॅक्टरीची बस थांबते तिथे उभी राहते. माणसं उतरतात. तुम्ही त्यात नसता हे मालूम असतं, तरी सगळी उतरेपर्यंत थांबते. निर्मला विचारते, ताई कोणाची वाट पाहून राहिल्या? मी म्हणते, बाप्पा, पाय मोकळे करून राहिली.

तुमचं मागचं पत्र मी जाळलं नाही. रागाचं असलं तरी तुमच्या हाताचं आहे.

मोठ्या दाराचा उंबरठा काढू नका. मायचं मन दुखवून मले घरी यायचं नाही. आबांनी बसवला, मी इतकी वर्षं त्याला हळद-कुंकू लावलं. आतले दोन काढले तेवढं पुष्कळ झालं. तुम्ही आणि परसराम मले दोन बाजूंनी धरून आत न्या. एकदा आत आली की बाहेर कायले जाऊ? खिडकी आहे. खिडकीतून अर्धं अंगण दिसते. तुळस दिसत नाही, पण तुम्ही पाणी घालताच. वावर आठवते, पण वावरात आता माझं काय काम. मी आत राहीन. मले चालते.

फक्त एक विचारू का? कालवड आता खिडकीपर्यंत उंच झाली असेल का?

धुरपता


कोंढा
१ मार्च १९८२

सौ. धुरपता हिस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी मी पहिल्या एस.टी.ने निघतो. दुपारी तिथे पोहोचेन. रात्र जागेश्वराकडे काढू आणि शुक्रवारी निघू. दवाखान्याने घोडा परत मागितला तर जागेश्वरला म्हणावं, मी नवा घेऊन देतो, नागपूरला मिळत असेल. घोडा घेतल्याशिवाय तू यायचं नाही. भय्याजीची गाडी पुन्हा सांगितली आहे. या वेळी तो काही बोलला नाही, नुसतं तणस भरपूर टाकतो म्हणाला.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर का दिलं नाही ते सांगतो.

तू लिहिलंस, एकदा आत आली की बाहेर कायले जाऊ. हे वाक्य मला जेवताना, भजनात, वावरात, कुठेही सोडत नव्हतं. तू घरी यावीस म्हणून मी एवढे दिवस तळमळलो, आणि घरी आणून तुला त्या खिडकीत बसवणार होतो. मी तुला आणत होतो की कोंडत होतो? जवाहरनगरला तू निदान फाटकापर्यंत जातेस.

मायजवळ बसलो. म्हटलं, "माय, धुरपता येईन, पन पुन्हा कधी अंगनात येनार नाई."

माय म्हणाली, "तू धरून आनजो ना."

"मी वावरात असलो तर?"

"त मी धरीन."

तिचे हात माझ्या हातात होते. ते किती हलके झाले आहेत हे तिलाही माहीत आहे. मग म्हणाली, "लक्ष्मी जाईन त माह्या नावानं नको बोलजो." मी म्हटलं, नाही बोलणार. ती काही हो म्हणाली नाही. पण उठून देवापाशी दिवा लावला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मी तेवढ्यालाच हो समजलो. चुकलो असेन तर मारुती पाहून घेईल.

तरीही आणखी आठ दिवस गेले. कधी इश्वर नव्हता, कधी वार चांगला नव्हता, कधी माझाच हात उचलत नव्हता. भीती लक्ष्मीची होती असं म्हणतो, पण खरं तर आबांची होती. ते असते तर काय म्हणाले असते, हेच मनात यायचं. मग आठवलं, शेवटच्या वर्षी आबांनाही तो उंबरठा ओलांडता येत नव्हता. मी त्यांना उचलून बाहेर आणायचो आणि ते लाजेने डोळे मिटून घ्यायचे. उंबरठ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

काल सकाळी इश्वर आला. पटाशी लावली आणि हात थांबवून म्हणाला, "पयला घाव मालकाचा. मी नाई घालत." मी उंबरठ्याला हळद-कुंकू वाहिलं, तू लावतेस तसं दोन्ही टोकांना आणि मधे. हात जोडले. आणि घाव घातला. लाकूड असं काही पक्कं होतं की दुपार झाली. शेजारपाजारचे जमले होते. कोणी थट्टा केली नाही. इश्वर घामाघूम होऊन म्हणाला, "तुह्या बापानं काय सात पिढ्यांसाठी बसवला होता का बे?"

खाली मातीत आबांनी ठेवलेला तांब्याचा पैसा निघाला, हिरवा झालेला. हळकुंडाची नुसती काळी काडी उरली होती. मी पैसा उचलायला वाकलो तर माय मागून आली. कधीची उभी होती कोण जाणे. म्हणाली, "हात नको लावू. तिथंच राहू दे. वरून माती टाक." नवं हळकुंड तिने पदरातून काढून दिलं. ते पैशाजवळ ठेवलं, माती लोटली, मुरूम टाकून धुमसलं. वरून पाणी मारलं. आता दारातून अंगणापर्यंत एकच उतार आहे, पायालाही कळणार नाही इतका. पावसाळ्यात पाणी आणि विंचूकाटा आत येऊ नये म्हणून इश्वर एक फळी करून देतो आहे, रात्री आडवी बसवायची आणि सकाळी काढायची. उंबरठ्याचं लाकूड सपरीत, छपराखाली ठेवलं आहे. त्याचं काय करायचं ते अजून ठरलं नाही. माय त्याच्यावर कोणाला बसू देत नाही.

आतले दोन उंबरठे मागेच निघाले, स्वयंपाकघराच्या चौकटीत तुझी सुतळी बसते. अंगणातले खड्डेही भरले. तुळशीपर्यंत मुरमाची वाट केली, तुझ्या सुतळीला दोन बोटं जास्त धरून. तुळशीपुढे गोठा आहे. तिथपर्यंतही नेली. कालवड खिडकीच्या वर गेली आहे.

एक गंमत सांगतो. काल दुपारपासून आम्ही दोघं दारातून जाताना पाय उचलतो आहोत. सवय. माय पाण्याचा लोटा घेऊन बाहेर निघाली, पाय वीतभर वर उचलला, खाली काही नाही, तर जराशी भेलकांडली. मी धरायला धावलो. ती हसायला लागली. कितीतरी महिन्यांनी हसली. म्हणाली, "आता माहा पाय कोन शिकवीन?" मीही आज सकाळी मारुतीला जाताना तसाच पाय उचलला. नसलेल्या उंबरठ्यावरून.

तू आलीस की तुझंही तसंच होईल. म्हणून आधीच सांगून ठेवतो. घोडा पुढे टाक, मग दुखरा पाय, मग चांगला. मोठं दार आलं तरी थांबू नको, पाय उचलू नको. सरळ आत ये.

तेजराम